तीन औषधं की चार?

डॉनोरुबिसिन हे औषध सापडलं इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत, तिथल्या जिवाणूंत. रंग इतका लाल की ते चढवल्यावर पोराची लघवी तांबडी होते आणि रक्त जातंय असं वाटून आई घाबरते. सायटाराबिनची कल्पना कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात मिळालेल्या रेणूंवरून सुचली. सात दिवस सायटाराबिन, त्यातले तीन दिवस डॉनोरुबिसिन, ही जोडी १९७३ साली प्रसिद्ध झाली. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल, या रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारांचा पाया आजही तीच आहे.

मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एएमएल १५ ते २० टक्के. बाकीचा बहुतेक लिम्फोब्लास्टिक प्रकारचा, तुलनेने लवकर आटोक्यात येणारा. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे बरेच गैरसमज होतात. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या सहकार्यातून आलेल्या कार-टी उपचाराची बातमी वाचून ‘आता रक्ताचा कॅन्सर बरा होतो’ असं लोक एकमेकांना सांगतात. तो उपचार बी-पेशींच्या कॅन्सरवरचा आहे, एएमएलवरचा नाही.

एएमएल झालेल्या साधारण तीनातल्या एका मुलाचा आजार उलटतो. ‘रिपोर्ट तर चांगला आला होता, मग परत कसा झाला?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. उजनी धरण भरलेलं असताना त्याच्या पाण्याखाली गेलेलं पळसदेवचं जुनं गाव दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच भिंती वर येतात. या आजाराचंही तसंच. अस्थिमज्जेत, म्हणजे मॅरोत, पाच टक्क्यांहून कमी कॅन्सरपेशी दिसल्या की डॉक्टर आजार आटोक्यात आला म्हणतात. उरलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाला दिसल्या नाहीत, इतकाच काही वेळा त्याचा अर्थ असतो. शिवाय त्या पहिल्या औषधांना पुरून उरलेल्या असतात.

म्हणून दुसऱ्या वेळी औषधं बदलतात, जोडतात, मात्रा वाढवतात. एकच औषध दिलं तर त्याला दाद न देणाऱ्या पेशी मागे राहतात, हा धडा कॅन्सरच्या डॉक्टरांनी क्षयरोगाच्या उपचारांतून घेतला. उलटलेल्या एएमएलसाठी जगभर वापरलं जाणारं मिश्रण म्हणजे ‘फ्लॅग’: फ्लुडाराबिन, सायटाराबिन आणि जी-सीएसएफचं इंजेक्शन. फ्लुडाराबिनमुळे सायटाराबिनचं मारक रूप कॅन्सरपेशीत जास्त साठतं. जी-सीएसएफ झोपलेल्या पेशींना विभाजनाला लावतं, आणि विभाजनाच्या वेळीच सायटाराबिन त्यांना गाठतं. पहिल्या उपचारात शरीराच्या दर चौरस मीटरमागे दिवसाला १०० ते २०० मिलिग्रॅम सायटाराबिन देतात. इथे २,००० मिलिग्रॅम. पाच दिवस.

यात चौथं औषध घालावं का? डॉनोरुबिसिनने हृदयाचे स्नायू कमकुवत होतात, आणि या मुलांना ते किंवा त्याच जातीचं औषध पूर्वीच बरंच मिळालेलं असतं. म्हणून युरोपातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने २००१ पासून झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ते चरबीच्या सूक्ष्म कणांत बंद करून दिलं. एकूण ३९४ मुलं. कुणाला तीन औषधं आणि कुणाला चार हे डॉक्टर ठरवत नव्हते, पालकही नाही. सोडत काढली जात होती. २०१३ साली निकाल छापून आला. अठ्ठाविसाव्या दिवशीच्या मॅरो तपासणीत चार औषधांच्या गटातल्या ८० टक्के मुलांचा प्रतिसाद चांगला होता, तीनच्या गटातल्या ७० टक्क्यांचा. चार वर्षांनी मात्र दोन्ही गट मिळून ३८ टक्के मुलं हयात होती, आणि गटागटांत म्हणावा असा फरक नव्हता.

‘नव्या मिश्रणाला उत्तम प्रतिसाद’ असा मथळा यावरून सहज करता येईल, आणि आपल्या वर्तमानपत्रांत असे मथळे येतातही. पालकाला हवा असतो तो दुसरा आकडा. तरी पहिला अगदी निरर्थक नाही, कारण आजार पुन्हा आटोक्यात आला तरच दात्याच्या मॅरोचं प्रत्यारोपण साधण्याची शक्यता वाढते, आणि अशा मुलांची दीर्घकाळची आशा मुख्यतः त्यावरच असते. शिवाय कोअर बाइंडिंग फॅक्टर नावाच्या जनुकीय बदलाच्या मुलांत चार औषधांनी ८२ टक्के वाचली, तीन औषधांनी ५८. म्हणजे उत्तर पेशीच्या जनुकांवरही अवलंबून. अमेरिकेत पुढे डॉनोरुबिसिन आणि सायटाराबिन ही दोन्ही औषधं ठरावीक प्रमाणात एकाच कणात भरलेलं सीपीएक्स-३५१ तपासलं गेलं: ३८ मुलं, ८१ टक्क्यांना प्रतिसाद. पण तिथे तुलनेला दुसरा गटच नव्हता. व्हेनेटोक्लॅक्स या औषधाचे सुरुवातीचे आकडेही बरे आहेत.

आता पळसदेवसारख्या गावातल्या एखाद्या घराचं पाहू. प्रवास भिगवण, दौंड, पुणे, मग मुंबईत परळचं टाटा रुग्णालय. कॅन्सरच्या मुलाला रेल्वेच्या शयनयान डब्यात तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. केमोच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना. पण फ्लॅगनंतर तीन-चार आठवडे रक्तपेशींचा काउंट तळाला असतो. त्या काळात ताप आला की तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं, प्लेटलेट लागतात. गावी येऊन हे जमत नाही. मुंबईत राहायची सोय हाही उपचाराचाच भाग होतो. सेंट ज्यूड चाइल्डकेअर सेंटर्ससारख्या संस्था २००६ पासून ती करतात. आपल्याकडे एएमएल झालेली कितीतरी मुलं आजारापेक्षा संसर्गानेच जातात. टाटात डॉ. श्रीपाद बनावली यांनी कमी मात्रेच्या तोंडी केमोचा पाठपुरावा केला त्यामागे ही जाणीव होती. युरोपातला आकडा परळला जसाच्या तसा लागू होईल, असं धरून चालणं मला धोक्याचं वाटतं.

नवं मिश्रण तपासणाऱ्या चाचणीत मूल घालायचं की नाही, हे पालक ठरवतात. सात वर्षांवरच्या मुलाचीही त्याला समजेल अशा भाषेत संमती घ्यावी लागते. मधूनच बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडलात म्हणून नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर भरपाईची तरतूद २०१९च्या नियमांत आहे. सही करण्याआधी विचारावं: हे मिश्रण आधी किती मुलांना दिलंय? तुम्ही सांगताय तो आकडा प्रतिसादाचा की जगण्याचा? प्रत्यारोपणासाठी दाता शोधायला कधी लागणार? मुंबईत किती आठवडे राहावं लागेल? आणि घरी सोडल्यावर रात्री दोनला ताप आला, तर भिगवणात नेऊ की बारामतीला, आणि तिथल्या डॉक्टरांशी तुमच्यापैकी कोण बोलेल?