वळण बदलताना स्थिर काय ठेवायचे?

रस्त्याची आखणी : लेखांक ७

वाहनाचा वेग, वळणावर बाहेरच्या कडेला दिलेला उंचाव आणि टायर व रस्ता यांच्यातले घर्षण या तिन्हींच्या हिशेबातून वळणाची किमान त्रिज्या कशी निघते, हे आपण मागील लेखांकात पाहिले. उंचाव ७ टक्के आणि घर्षणांक ०.१५ धरला, की ताशी ८० किलोमीटर वेगाला २३० मीटर आणि ताशी १०० किलोमीटरला ३६० मीटर त्रिज्या लागते. सपाट मुलखातल्या राष्ट्रीय व राज्य महामार्गांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८० च्या आयआरसी ७३ या संहितेत हेच दोन आकडे आहेत. ३६० ही प्रमाण किमान त्रिज्या आहे आणि २३० ही अडचणीच्या जागी चालवून घ्यायची निकृष्टतम मर्यादा. आजचा प्रश्न त्यापुढचा आहे. रेषा संगणकावर एकदा आखली जाते, पण बदलावी लागते अनेकदा. भूसंपादनाची मोजणी वेगळी निघते, पुलाची जागा सरकते, तपासणीत शेरा येतो, आणि आखून झालेले वळण पुन्हा हाती घ्यावे लागते. सॉफ्टवेअरमध्ये हे काम फार सोपे दिसते. तक्त्यातल्या त्रिज्येच्या रकान्यात जुना आकडा पुसून नवा लिहायचा, की नवे वळण पडद्यावर हजर. माझे म्हणणे असे की हा सोपेपणा फसवा आहे. बदल करण्याआधी कोणती गोष्ट जागची हलणार नाही हे अभियंत्याने ठरवले नाही, तर तो निर्णय सॉफ्टवेअर घेते, आणि तो कोणी व का घेतला हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

एक उदाहरण आकड्यांत मांडू. दोन सरळ तुकडे एकमेकांशी ४० अंशांचा विक्षेपकोन करतात. ते पुढे वाढवले की जिथे मिळतात तो छेदनबिंदू, म्हणजे आपल्या कचेऱ्यांतला ‘आयपी’. तिथे २३० मीटर त्रिज्येचे वळण बसवलेले आहे. ते आयपीच्या ८३.७ मीटर आधी सुरू होते, त्याची लांबी १६०.६ मीटर आहे आणि त्याचा मध्य आयपीपासून १४.८ मीटर आत आहे. आता हे वळण सैल करून ३६० मीटरवर न्यायचे आहे. दोन्ही सरळ तुकडे जागेवर ठेवले, तर वळण आयपीच्या १३१ मीटर आधी सुरू होते आणि त्याचा मध्य आणखी ८.३ मीटर आत येतो, म्हणजे आतल्या बाजूच्या शेतात शिरतो. आता समजा, वळणाच्या मध्यावरची मोरी हलवायची नाही, म्हणून मध्यबिंदू जागेवर ठेवला आणि सरळ तुकड्यांच्या दिशाही तशाच राखल्या. मग दोन्ही तुकडे सुमारे ७.८ मीटर बाहेर सरकतात. तिसरा मार्ग म्हणजे वळणाचा आरंभबिंदू पक्का धरायचा. तसे केले तर आयपी ४७.३ मीटर पुढे जातो आणि वळणानंतरचा संपूर्ण सरळ तुकडा ३०.४ मीटर बाजूला सरकतो. रकान्यातला आकडा तिन्ही वेळा ३६० हाच आहे. तरीही जमिनीवर तीन वेगळे रस्ते उतरतात, आणि त्यांच्यासाठी तीन वेगळ्या गट क्रमांकांची जमीन लागते.

सॉफ्टवेअर यांपैकी कोणता रस्ता देईल, हे वळण मुळात कोणत्या नात्याने बसवले होते यावर ठरते. ऑटोडेस्कच्या सिव्हिल थ्रीडीमध्ये या नात्यांना तीन नावे आहेत. ‘फिक्स्ड’ घटक स्वतःच्या बिंदूंवर उभा असतो आणि शेजारी हलले तरी आपली जागा सोडत नाही. ‘फ्लोटिंग’ घटक एका बाजूच्या शेजाऱ्याला स्पर्शून असतो. तो शेजारी हलला की त्याच्यामागे जातो. ‘फ्री’ घटक दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना स्पर्शून असतो आणि त्यांच्यापैकी कोणीही हलला तरी स्वतःला नव्याने मोजून घेतो. आयपीमागून आयपी टिचकावत वळणांसह रेषा ओढण्याची जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यात सरळ तुकडे फिक्स्ड आणि वळणे फ्री तयार होतात. म्हणून त्रिज्या बदलली की सरळ तुकडे तसेच राहतात आणि वळण आत घुसते, म्हणजे वरच्या तीन मार्गांपैकी पहिला आपोआप निवडला जातो. बहुतेक नव्या रस्त्यांना तो योग्यच आहे. पण जुना रस्ता रुंद करताना, जिथे मोरी, पूल किंवा गावठाणाची हद्द पक्की असते, तिथे त्रिज्या आधी लिहून वळण कुठे जाते ते पाहणे ही उलटी पद्धत ठरते. तिथे ठरलेल्या बिंदूतून जाणारा वक्र मागावा आणि त्रिज्या हे उत्तर म्हणून येऊ द्यावे. ती सुविधा सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती कधी वापरायची, हे मात्र त्याला सांगावे लागते.

आतापर्यंत आपण निव्वळ वर्तुळाकार वळण धरले. सरळ रस्त्यावरून वर्तुळात शिरताना चाक हळूहळू वळावे आणि उंचावही हळूहळू चढावा, म्हणून दोन्ही टोकांना संक्रमण वक्र घालतात. २३० मीटर त्रिज्या आणि ताशी ८० किलोमीटर वेगाला त्याची लांबी सूत्राने ९३ मीटरच्या आसपास येते. ती ९५ धरू. या वक्रासाठी मधले वर्तुळ १.६ मीटर आत ढकलावे लागते आणि वळणाचा आरंभ आयपीपासून सुमारे १३२ मीटरवर जातो. म्हणजे संक्रमण वक्रासह २३० मीटरचे वळण सरळ रस्त्यावर तेवढीच जागा खाते, जेवढी संक्रमण वक्राविना ३६० मीटरचे खाते. ३६० मीटरच्या वळणाला ८० च्याच वेगाचे ६० मीटरचे संक्रमण वक्र जोडले, तर ही जागा १६१ मीटर होते. वेग १०० धरला तर संक्रमण वक्राची लांबी दुपटीच्या आसपास जाते आणि जागा आणखी वाढते. आता समजा, पुढचा आयपी २६० मीटरवर आहे, तिथे उलट दिशेचे वळण आहे आणि त्याला स्वतःच्या बाजूने १२० मीटर हवे आहेत. जुन्या त्रिज्येला १३२ अधिक १२० म्हणजे २५२ मीटर लागतात आणि दोन वळणांच्या मध्ये जेमतेम ८ मीटर सरळ उरतात. नव्या त्रिज्येला २८१ मीटर हवेत, आणि तेवढी जागाच नाही. अशा वेळी एक वळण सैल करण्याची किंमत दुसऱ्या वळणाला द्यावी लागते. त्याची त्रिज्या कमी होते, किंवा त्याचे संक्रमण वक्र कापले जातात, किंवा दोन्ही आयपी हलवून अख्ख्या पट्ट्याचा फेरविचार करावा लागतो. शेवटचा मार्ग कष्टाचा आहे, पण प्रामाणिक तोच आहे.

वळण एकटे नसते, ही गोष्ट संहितेला पुरती ठाऊक आहे. किमान त्रिज्येचा तक्ता आपल्या डोळ्यांपुढे सतत असतो, पण त्याच्या आजूबाजूचे नियम शेजारधर्माचे आहेत. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी तीव्र वळण नको, कारण सरळ रस्त्यावर चढलेला वेग चालक ऐनवेळी उतरवू शकत नाही. एकाच दिशेची दोन वळणे मध्ये आखूड सरळ तुकडा ठेवून जोडू नयेत. उलट दिशेची वळणे जवळ आली, तर दोन्ही संक्रमण वक्र नीट मावतील एवढे अंतर हवे. दोन त्रिज्यांचे संयुक्त वळण घ्यावेच लागले, तर मोठी त्रिज्या लहान त्रिज्येच्या दीडपटीहून अधिक नसावी. विक्षेपकोन फक्त ५ अंशांचा असेल, तर वळण निदान १५० मीटर लांब हवे आणि कोन एकेका अंशाने कमी होईल तशी लांबी ३० मीटरने वाढवावी, नाहीतर दुरून रस्ता मोडल्यासारखा दिसतो. यांतला एकही नियम एका रकान्यातल्या एका आकड्यावरून तपासता येत नाही. प्रत्येक नियम दोन घटकांमधल्या नात्याबद्दल बोलतो. म्हणून वळण बदलणे म्हणजे नाती बदलणे, आणि ती डोळे उघडे ठेवून बदलावीत.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सॉफ्टवेअर चुका स्वतःच दाखवते, मग एवढी चिंता कशाला? सिव्हिल थ्रीडीत निकषांची फाइल जोडलेली असेल, तर किमान त्रिज्येपेक्षा तीव्र वळणावर उद्गारचिन्हाचा पिवळा त्रिकोण उमटतो. ही सोय मोलाची आहे आणि ती बंद ठेवून काम करू नये. पण त्रिकोण काय पाहतो, तेही समजून घ्यायला हवे. तो आपण दिलेला वेग आणि आपण दिलेला तक्ता यांच्याशी घटक ताडून पाहतो. १५५ मीटर त्रिज्या ८० च्या वेगाला अपुरी आहे. तिथला वेग ६५ लिहिला की त्रिकोण मावळतो आणि वळण होते तिथेच राहते. वळणाच्या आतल्या बाजूला विहिरीचा कठडा आहे की उसाचा फड, हे त्याला कळत नाही. ताशी ८० किलोमीटरला थांबण्यासाठी १२० मीटर पुढचे दिसावे लागते. त्यासाठी २३० मीटरच्या वळणावर आतल्या बाजूला सुमारे ७.८ मीटर, तर ३६० मीटरच्या वळणावर ५ मीटर जागा दृष्टीला मोकळी हवी. आत शिरलेले वळण पूर्वी दूर असलेल्या घराच्या भिंतीला भिडले असेल, तर त्रिज्या वाढूनही दृष्टी कमी होऊ शकते. शिवाय रेषा बदलल्यावर उंचावाचा तक्ता फिरून काढावा लागतो. वळणाचे टोक सरकले आणि उंचाव जुन्याच जागी चढत राहिला, तर पडद्यावरचे सुंदर वळण रस्त्यावर धोक्याचे होते. इशारा मिळाला नाही म्हणजे आखणी बरोबर आहे, असा अर्थ काढणे चूक आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडे जमीन मिळत नाही, घाटात डोंगर हलत नाही, मग त्रिज्या वाढवण्याची चर्चा कागदीच नाही का? घाटांसाठी संहिता स्वतःच सवलत देते. तिथे उंचाव १० टक्क्यांपर्यंत नेता येतो आणि ताशी २० किलोमीटर वेगाला १४ मीटर त्रिज्याही मान्य आहे. मोठे वळण सर्वत्र शक्य नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण या आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो. जमीन हलत नसेल तर आखणीत स्थिर गोष्ट तीच आहे. तेव्हा वळण तिच्याशी बांधावे, त्रिज्या निघेल ती स्वीकारावी, आणि त्या त्रिज्येला झेपेल तोच वेग त्या पट्ट्यासाठी जाहीर करावा. आधीच्या सरळ तुकड्यावर वेग उतरवणारे फलक, पट्टे आणि रस्त्याकडेचे कठडे यांची तरतूद त्याच नकाशात करावी. घातक आहे तो मधला मार्ग. नकाशावर ८० चा वेग लिहायचा, वळण ६५ चे ठेवायचे, आणि तफावत कोणाच्या नजरेस पडणार नाही अशी आशा धरायची.

तिसरा आक्षेप वेळेचा आहे. अहवाल सादर करायची तारीख जवळ असते, बदल लहान असतो, आणि प्रत्येक वळणासाठी एवढा विचार कोण करणार? लहान बदलाची लांबी मोजून पाहू. आपल्या उदाहरणात सरळ तुकडे स्थिर ठेवून त्रिज्या २३० ची ३६० केली, तर रस्ता ३.९ मीटरने आखूड होतो. त्या वळणानंतरचा प्रत्येक साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या आरंभापासून मोजलेले अंतर, तेवढ्याने बदलतो. मोऱ्यांची यादी, भूसंपादनाचा तक्ता, मातीकामाचे मोजमाप, किलोमीटरचे दगड, सारे याच क्रमांकांवर बेतलेले असते. जुन्या तक्त्यातली मोरी नव्या रेषेवर चार मीटर भलतीकडे दिसू लागते आणि जागेवरचा कंत्राटदार खोदायला निघाल्यावर वाद उभा राहतो. यावर उपाय आहे. वळणाच्या शेवटी साखळीचे समीकरण घालून पुढचे क्रमांक जुनेच ठेवता येतात. पण तेही आधी ठरवावे लागते आणि नकाशावर लिहावे लागते. दहा मिनिटे वाचवण्यासाठी टाळलेला हा विचार पुढे मोजणीदार, लेखापाल आणि शेतकरी अशा तिघांचे महिने खातो.

मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८ मध्ये देशाच्या रस्त्यांबद्दल अहवाल दिला. त्याच वाटेने १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली आणि पुढे आज आपण वापरतो त्या संहिता आल्या. प्रांतोप्रांतीच्या अभियंत्यांनी आपला अनुभव एकत्र आणून, कारणे लिहून नियम ठरवावेत, हा त्या संस्थेचा गाभा. संगणकावरच्या आखणीतही हीच शिस्त हवी, आणि ती फार महाग नाही. वळणाला हात लावण्यापूर्वी फाइलमध्ये तीन ओळी लिहाव्यात : या बदलात काय स्थिर आहे, काय हलू शकते, आणि वेग किती धरला आहे. बदल झाल्यावर आधीचे व नंतरचे वळण, दोन्ही शेजारी, उंचावाचा तक्ता, आतल्या बाजूची दृष्टी आणि साखळी क्रमांक एवढे तपासावे. तपासणी करणाऱ्या वरिष्ठांनी त्रिज्येचा आकडा विचारण्याआधी या तीन ओळी मागाव्यात. रस्ता पन्नास वर्षे राहतो आणि त्याच्या वळणावरून रोज अनोळखी माणसे आपला जीव सोपवून जातात. त्यांच्यासाठी काय हलू द्यायचे नाही, हे सॉफ्टवेअरवर सोडू नका.