मार्सी अव्हेन्यूचा नाका

ऑगस्ट २०२१ संपत आलाय. सकाळचे साडेसात. न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात मार्सी आणि डिव्हिजन हे दोन रस्ते मिळतात, तिथे बऱ्याच बायका जाळीच्या कुंपणाला टेकून उभ्या आहेत. कुंपणापलीकडे, खाली खणलेल्या मार्गातून एक्सप्रेसवेच्या ट्रकांची घरघर वर येतेय. प्रत्येकीच्या खांद्याला पिशवी. तिच्यात कामाचे जुने कपडे, रबरी हातमोजे, डबा. बहुतेकजणी मेक्सिको, इक्वाडोर, ग्वाटेमालाच्या. या नाक्याला त्या ‘ला पारादा’ म्हणतात. आसपासच्या हसिदिक ज्यू घरातली एखादी बाई येते, बोट दाखवते, तास आणि दर ठरतो, की तिच्या मागून चालू लागायचं.

ज्यूंचं नवं वर्ष ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतंय. सणाआधी नाका लवकर रिकामा व्हायचा, असं जुन्या बायका सांगतात. आज नऊ वाजत आले तरी गर्दी हललेली नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे घरांची दारं लागली. ती उघडली तेव्हा बोलावणी कमी झाली होती आणि हॉटेलांतून, लाँड्र्यांतून सुटलेल्या नव्या बायका इथे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

पाळणागाडी ढकलत एक तरुण मालकीण येते. तिच्याभोवती आठ-दहाजणी गोळा होतात. शहरात किमान वेतन ताशी १५ डॉलर आहे. ती बारा म्हणते. घरकामगारांच्या हक्कांचा कायदा देशात सर्वांत आधी, २०१० मध्ये, याच राज्याने केला. त्याची आठवण या फुटपाथवर कोण कोणाला देणार? पंचविशीची एकजण ‘बारा’ला मान डोलावते आणि निघते.

माझ्याशेजारी मेक्सिकोच्या पुएब्ला प्रांतातली, पन्नाशी ओलांडलेली बाई उभी आहे. कामगार संघटनेची कार्यकर्ती तिच्यासाठी फोनवर अर्ज उघडते. कागदपत्रं नसल्यामुळे बेकारभत्ता आणि केंद्राची मदत ज्यांना नाकारली गेली, त्यांच्यासाठी राज्याने २१० कोटी डॉलरचा निधी काढलाय. तो सहज मिळालेला नाही. वसंतात कामगारांनी त्यासाठी २३ दिवस उपोषण केलं. १ ऑगस्टपासून अर्ज सुरू आहेत. कामाचा भक्कम पुरावा असेल तर १५,६०० डॉलर, कच्चा असेल तर ३,२००.

“मालकाचं पत्र आहे?”

“कुठल्या मालकाचं?”

ती अनेक वर्षं रोज वेगळ्या घरी राबलीय. कोणत्या घरात ओव्हनमागे चिकट थर साचतो, कुठली बाई फरशी गुडघ्यांवर बसूनच पुसायला लावते, हे ती मजल्यांसकट सांगते. आडनाव एकीचंही ठाऊक नाही. पैसे रोख मिळाले, पावती कधीच नाही. ज्या रीतीने तिला काम मिळत आलं, त्याच रीतीने तिच्या कामाचा पुरावा बुडाला. सरकार तिला मालकाकडून कागद आणायला सांगतं. मालक मात्र तिला संध्याकाळपुरताच ओळखतो. हा अन्याय आहे, आणि तो अर्जाच्या रकान्यात मावत नाही.

तेवढ्यात एक मध्यमवयीन मालकीण थांबते. पाच तास, तेरा डॉलर. पुएब्लावाली पुढे होते, तासांना होकार देते आणि मोडक्या इंग्रजीत विचारते, “पत्र द्याल? मी काम केलं, एवढंच लिहायचं.” मालकीणबाईंचा चेहरा बदलतो. पत्र म्हणजे सरकार, कर, चौकशी. त्या हात हलवून नको म्हणतात आणि मागच्या मुलीकडे बोट करतात. मुलगी पिशवी उचलून जाते.

कार्यकर्ती अर्ज जतन करते. मेक्सिकोला पैसे पाठवल्याच्या पावत्या, बँकेत काही भरलं असेल तर त्याच्या नोंदी, जे सापडेल ते घेऊन गुरुवारी कचेरीत यायला सांगते. तो पुरावा पुरेल की नाही, हे तिलाही सांगता येत नाही. पुएब्लावाली गुरुवारची वेळ पुन्हा विचारून घेते: सकाळची नको, दुपारची दे. सकाळी इथे उभं राहायचंय.