हात वर केले की कर्ज फिटतं?

चितेगावचा विडिओकॉनचा कारखाना ठाऊक नसलेला माणूस छत्रपती संभाजीनगरात शोधून सापडायचा नाही. जून 2018 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने विडिओकॉन इंडस्ट्रीजविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. पुढे समूहातल्या तेरा कंपन्यांचं प्रकरण एकत्र चाललं. मान्य झालेले दावे सुमारे 64,838 कोटी रुपयांचे होते आणि 2021 मध्ये मंजूर झालेली योजना 2,962 कोटींची होती. जानेवारी 2022 मध्ये अपिलात ती मंजुरीही रद्द झाली, पण तोवर शहराने आपला निष्कर्ष काढला होता: मोठे लोक हात वर करतात आणि मोकळे होतात. मग वाळूजचा छोटा पुरवठादार किंवा एका पगारातून तीन फायनान्सवाल्यांचे हप्ते भरणारा कामगार विचारतो, आपण का नाही?

पहिला घोटाळा इथेच आहे. कंपनीचं दिवाळं आणि माणसाचं दिवाळं यांचे रस्ते वेगळे आहेत. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे खरा, पण 1 डिसेंबर 2019 पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला. म्हणजे पगारदार, दुकानदार, रिक्षावाला यांच्यासाठी नव्हे, तर ज्याने आपल्या प्रायव्हेट लिमिटेडच्या कर्जावर स्वतः सही केली त्याच्यासाठी. त्यालाही तो बहुधा सुटकेपेक्षा वसुलीच्या रूपात भेटतो, कारण बँकही त्याच्याविरुद्ध अर्ज करू शकते. कंपनीची योजना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ललित कुमार जैन प्रकरणात मे 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे.

त्याच संहितेत अगदी गरिबांसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद आहे. वर्षाचं उत्पन्न 60 हजारांपर्यंत, मालमत्ता 20 हजारांपर्यंत, कर्ज 35 हजारांपर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाचं कर्ज तीत माफ होऊ शकतं. ती कागदावरच राहिली आहे. माझ्या मते या सगळ्या कायद्यातली ही सर्वांत लाजिरवाणी गोष्ट. हजारो कोटींच्या दिवाळखोरीची यंत्रणा उभी राहिली आणि पस्तीस हजारांच्या कर्जाला दार उघडलं नाही.

बाकीच्यांसाठी उरतात इंग्रजांचे कायदे: मुंबई शहराला 1909 चा, मुंबईबाहेर 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. 1920 च्या कायद्याखालचा अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा असतो. कर्जाची किमान रक्कम पाचशे रुपये! आकडा वाचून हसू येतं, पण कायदा जिवंत आहे.

‘अर्ज केला की कर्ज संपलं’ ही समजूत सर्वांत महागात पडते. अर्ज दाखल होणं, न्यायालयाने नादार ठरवणं आणि कर्जातून मुक्ततेचा आदेश मिळणं हे तीन वेगळे टप्पे आहेत. नादार ठरवलं की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसिव्हरच्या ताब्यात जाते. त्यानंतर विनातारण कर्जाचा सावकार न्यायालयाच्या परवानगीशिवाय दावा लावू शकत नाही. हा खरा दिलासा. पण तारण ठेवलेल्या घरावरचा बँकेचा हक्क तसाच राहतो. मुक्तता मिळण्याआधी नवं काही कमावलं किंवा वारशाने आलं, तर तेही रिसिव्हरकडे जाऊ शकतं. मुक्ततेसाठी न्यायालयाने ठरवलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो, आणि ती मागितली म्हणून मिळतेच असं नाही. विनातारण देण्यांपैकी रुपयाला आठ आणेही वसूल होण्याजोगी मालमत्ता नसेल, तर ही वेळ आपल्या दोषाने आली नाही हे पटवून द्यावं लागतं. धंद्याचे हिशेब ठेवले नसतील, बुडणार हे दिसत असूनही उधारीवर धंदा रेटला असेल, जुगार किंवा उधळपट्टी केली असेल, तर बिनशर्त मुक्तता मिळत नाही.

मिळाली तरी सगळी देणी धुतली जात नाहीत. सरकारी देणी, फसवणुकीने घेतलेलं कर्ज आणि पोटगी शिल्लक राहतात. चेक न वटल्याचा खटला फौजदारी आहे, त्याची तारीख वेगळी चालते. आणि पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेला मेव्हणा तर अजिबात सुटत नाही. तुमच्या मुक्ततेने त्याची सही पुसली जात नाही. घरोघरची भांडणं इथूनच सुरू होतात, म्हणून जामीनदाराला आधी सांगावं, नोटीस त्याच्या दारात पोचण्याआधी.

‘कर्ज बुडालं की तुरुंग’ ही भीती वसुलीवाले पोसतात. नुसतं कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत अटकेची तरतूद आहे, पण ऐपत असून लबाडीने टाळाटाळ करणाऱ्यासाठी. केवळ गरिबीपायी कोणाला कोंडता येत नाही, असं 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात म्हटलं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटकच करता येत नाही. बँकांच्या वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट 2022 चा आदेश आहे.

‘अंगावरच्या कपड्यांसकट सगळं नेतील.’ नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने जप्तीतून वगळलेल्या वस्तू नादारीतही वगळल्या जातात: कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची औतं, बैल आणि बियाणं, शेतकऱ्याचं आणि मजुराचं राहतं घर. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम हेही सुरक्षित. धर्मरूढीने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने वगळलेले आहेत, म्हणजे मंगळसूत्राला हात लागत नाही. ते तुम्ही स्वतः गहाण टाकलं असेल तर गोष्ट वेगळी.

घाईने प्लॉट बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करण्याची युक्ती मात्र निरर्थक ठरते. हस्तांतर झाल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीची पाळी आली, तर मोबदल्याशिवाय दिलेली मिळकत परत आणता येते. शिवाय असा व्यवहार दिसला की न्यायाधीशांचा विश्वास उडतो.

नादाराचं मतदान, नोकरी सगळं जातं, असंही ऐकू येतं. मुक्तता न मिळालेल्या नादाराला आमदार, खासदार किंवा कंपनीचा संचालक होता येत नाही, एवढं खरं. आपण नादार आहोत हे न सांगता त्याने 50 रुपये किंवा जास्त उधार घेतले तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शहरातल्या गुलमंडीवर दोघांचा नाश्ताही इतक्यात व्हायचा नाही.

वडील कर्ज ठेवून गेले तर? मुलाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. वडिलांचं कर्ज फेडणं हा पुत्रधर्म, या एका कारणावरून मुलाकडून वसुली करता येणार नाही, असं 2005 च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने ठरवलं.

आपल्याकडे सर्वांत छळणारं कर्ज मात्र बँकेचं नसतंच. महिना शेकडा पाच-दहा व्याजाने दिलेलं, कोऱ्या चेकवर आणि सह्या घेतलेल्या बाँडवर उभं असलेलं. या कर्जासाठी नादारीचा अर्ज ही पहिली पायरी नव्हे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, 2014 नुसार विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. सावकाराने खरेदीखताच्या नावाखाली जमीन बळकावली असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तर चौकशी करून ते जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. अर्जाला वकील लागतोच असं नाही.

तेव्हा काहीही ठरवण्याआधी एका वहीत सगळी देणी उतरवा: कोणाचं, किती, तारण काय, जामीन कोण, चेक कोणाकडे आहे. ती वही घेऊन जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना तिथे वकील मोफत मिळतो, आणि लोकअदालतीत बँकेशी तडजोड करण्याची सोयही तिथेच आहे. आणि रात्री नको ते विचार येऊ लागले, तर वकिलाची वाट पाहू नका. 14416 या टेलिमानस क्रमांकावर लगेच बोला.