मुका मार

न्हाणीघरात आजी घसरतात. डोकं वाचतं, शुद्ध असते, उठवून बसवलं की त्याच सांगतात, "काही नाही गं, मुका मार आहे." एक्स-रेत खुबा शाबूत निघतो, फार तर जांघेजवळच्या हाडाला बारीक चीर. आंबेहळदीचा लेप लागतो. पण पंधरा दिवसांनीही कूस बदलताना आजी कळवळतात आणि संडासाला उठावं लागू नये म्हणून पाणीच कमी पितात.

ओटीपोटाचा सांगाडा म्हणजे हाडांचं कडं. काचेच्या बांगडीसारखं. पुढे तडा दिसला, तर मागे त्रिकास्थीत, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडातही शोधायला हवा, कारण कडं सहसा एकाच जागी मोडत नाही. मागचा तडा आतड्यांच्या सावलीत साध्या एक्स-रेवर हरवतो. सीटी स्कॅन लागतो, कधी एमआरआय. जर्मनीत माइन्त्सच्या रोमन्स आणि हॉफमन या डॉक्टरांनी २०१३ मध्ये अशा २४५ रुग्णांचा अभ्यास मांडला. ८० टक्क्यांहून अधिक जणांची मागची बाजूही मोडलेली होती. त्यावरून त्यांनी चार गट पाडले: फक्त पुढे मोडलेलं, मागे मोडलेलं पण न सरकलेलं, मागे एका बाजूला सरकलेलं, दोन्ही बाजूंना सरकलेलं.

पहिल्या दोन गटांत आधी वेदनाशामक आणि वॉकर. तरीही उभं राहता येत नसेल, तर "थांबून पाहू" म्हणत महिना घालवणं मला पटत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया, पायातली गुठळी, पाठीवरचे व्रण गाठतात. सरकलेल्या हाडांत तर शस्त्रक्रियेचाच विचार होतो.

ती ऐकायला वाटते तेवढी मोठी नसते. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत, कुल्ल्यावरच्या छोट्या छेदातून लांब स्क्रू त्रिकास्थीत नेतात. वाट अरुंद, शेजारी पायाच्या नसा. खरी पंचाईत हाडाचीच: भुसभुशीत भिंतीत खिळा ठोकावा, तसा स्क्रू सैल पडतो. मग टोकाशी हाडांचं सिमेंट भरतात, किंवा या कुशीपासून त्या कुशीपर्यंत आरपार दांडा घालून दोन्हीकडून नट आवळतात. दोन्ही बाजू निखळल्या असतील, तर कमरेच्या मणक्यांनाच ओटीपोटाशी जोडतात. हाडं चित्रासारखी जुळवण्याचा हट्ट इथे नसतो. आजींनी उठून चार पावलं टाकावीत, एवढंच मागणं.

घरी जाताना कागदावर ठिसूळ हाडांचं औषधही लिहिलेलं असतं. पुष्कळ घरांत ते दोन-तीन महिन्यांत बंद पडतं. आजी आता चालतायत ना!