जुन्या मॅटाडोरची दुसरी बॅटरी

आठवडी बाजार, जत्रा आणि उरूस करीत गावोगाव फिरणारे आपले काही व्यापारी बांधव जुन्या मॅटाडोरलाच दुकान आणि घर करून राहतात. मागे मालाच्या फळ्या, मध्ये झोपायची बाज, छताला चार दिवे आणि एक पंखा. आकुर्डीच्या बजाज टेंपो कारखान्यातली ही गाडी बनणे बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पण नीट राखली तर इंजिन साथ देते. रडवते ती बॅटरी. "भाईसाहेब, तीन वर्षांत तीन बॅटऱ्या घातल्या, तिन्ही नकली निघाल्या," अशी तक्रार अशाच एका कापड व्यापाऱ्याने माझ्यापाशी केली. बॅटऱ्या अस्सल होत्या. चूक निवडीत होती आणि त्याहून जास्त चार्जिंगमध्ये.

गाडी स्टार्ट करणाऱ्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. काही सेकंद शेकडो अँपियर द्यायचे आणि लगेच पुन्हा भरून घ्यायचे, एवढेच तिचे काम. तिच्यावर रात्रभर दिवे जाळले की प्लेटांवरचा मसाला झडू लागतो आणि सकाळी गाडीही सुरू होत नाही. म्हणून दिव्या-पंख्यासाठी वेगळी बॅटरी हवी, आणि ती ट्युब्युलर. दुकानात इन्व्हर्टरची बॅटरी म्हणून मिळते तीच.

केवढी घ्यावी, याचा हिशेब सोपा आहे. २० वॅटचे चार दिवे म्हणजे ८० वॅट. १२ व्होल्टवर ते सुमारे ७ अँपियर झाले. पाच तास दिवे चालले तर ३५ अँपियर-तास, पंख्याचे दहा धरा. एकूण ४५. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणून १०० अँपियर-तासाची घ्यावी. आमच्या त्या व्यापाऱ्याने ६० ची घेतली होती आणि ती रोज जवळजवळ कोरडी करीत होता.

आता मुख्य मुद्दा. शिशाची बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती पूर्ण चार्ज घेतच नाही. बाजार ते बाजार तासाभराच्या प्रवासात अल्टरनेटर थोडीफार भर घालतो. पण शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात, कारण बॅटरी भरत आली की ती करंट कमी-कमी घेते. करंट वाढवून तो वेळ वाचत नाही. तेव्हा दर आठवड्याला एकदा तरी रात्रभर विजेच्या चार्जरवर लावावी. १०० च्या बॅटरीला १० ते १५ अँपियरचा चार्जर पुरे. तो १४.४ व्होल्टपर्यंत चढून करंट दोन-तीन अँपियरवर येईपर्यंत थांबला पाहिजे, मग १३.५ च्या आसपास उतरला पाहिजे. मे महिन्यात पारा ४० वर गेला की १४.४ ऐवजी १४.० ठेवावे, नाहीतर पाणी उकळून जाते. बिनकंट्रोलचा जुना चार्जर रात्रभर लावून झोपणे म्हणजे बॅटरी शिजवणे.

व्यापाऱ्याच्या गाडीत आणखी एक घोटाळा सापडला. अल्टरनेटरपासून मागच्या बॅटरीपर्यंत मेकॅनिकने २.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढली होती. जाऊन-येऊन दहा मीटर वायरीत २० अँपियरला दीड व्होल्ट वाटेतच मुरतो. १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घातली तर पाव व्होल्टसुद्धा जात नाही. मीटर नेहमी मागच्या बॅटरीच्या टर्मिनलवर लावून पाहावा. अल्टरनेटरपाशी दिसणारा आकडा फसवा असतो. दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज हवा आणि मध्ये असा रिले हवा, की इंजिन बंद झाले की दोन्ही आपोआप अलग होतील. छतावर १०० वॅटचे सोलर पॅनेल आणि कंट्रोलर बसवला तर उघड्या उन्हात दिवसाला २५ ते ३० अँपियर-तास मिळतात. दिवसभर बाजारात उभ्या राहणाऱ्या गाडीला हा खर्च परवडतो.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. आत माणूस झोपतो आणि शेगडीही पेटते, म्हणून बॅटरी बंद पेटीत पट्ट्याने घट्ट बांधून पेटीची नळी गाडीबाहेर काढावी. पाणी कमी झाले तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, अ‍ॅसिड कधीही नाही.

लिथियमची बॅटरी वजनाला हलकी आणि जास्त खोलवर वापरता येते, हे खरे. पण ती सरळ जुन्या अल्टरनेटरला जोडली तर एवढा करंट ओढते की अल्टरनेटरच जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर घालावाच लागतो. दुकानदार किंमत सांगताना तो बहुधा धरत नाही.

पावसाळ्यात अनेकदा गाडी महिनोन्‌महिने उभी राहते. त्याआधी बॅटरी पूर्ण भरून तिच्या वायरी काढून ठेवाव्यात. चार्जर काढल्यानंतर काही तासांनी मीटरवर १२.७ च्या आसपास आकडा दिसला तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. महिन्यातून एकदा मीटर लावा आणि १२.५ च्या खाली दिसली तर त्याच रात्री चार्जवर टाका.