पिवळा धोतरा : औषध की विष?

पडीक जागेत, रेल्वेच्या रुळांकडेला, शेताच्या बांधावर पिवळ्या फुलांचे एक काटेरी झुडूप उगवते. पानांवर पांढुरक्या शिरा असतात. हाच पिवळा धोतरा. काही ठिकाणी त्याला बिलायत म्हणतात. शेळीसुद्धा त्याला सहसा तोंड लावीत नाही. देठ मोडला की हळदीच्या पाण्यासारखा चीक येतो.

हा चीक खरूज, नायटा व चिघळलेल्या जखमांवर लावण्याची रीत जुनी आहे. बिया जुलाबासाठी देतात. डोळे आल्यावर चीक डोळ्यांत घालणारेही आहेत. कावीळ पिवळी आणि चीकही पिवळा, म्हणून तो काविळीवर गुणकारी, असेही सांगितले जाते. याला औषधशास्त्र म्हणत नाहीत! काहीजण प्राचीन ग्रंथांतल्या ‘स्वर्णक्षीरी’चा दाखला देतात. पण हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे. १४९२ साली कोलंबस अमेरिकेला पोहोचल्यानंतरच ते आपल्याकडे येऊ शकले. मग त्या जुन्या ग्रंथांत ते असेल कसे?

त्यात सँग्विनारीन नावाचे द्रव्य असते. ते जंतू मारते हे खरे, पण माणसाच्या शरीरालाही सोडत नाही. म्हणून माता-भगिनींनी हा चीक मुलांच्या डोळ्यांत घालू नये. बिया किंवा काढा कुणालाही पोटात देऊ नये.

खरा घात बियांनी होतो. त्या काळपट, बारीक, थेट मोहरीसारख्या दिसतात. मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो, तर धोतऱ्याच्या बीवर जाळीदार खळगे असतात. बारकाईने पाहिले तरच फरक कळतो. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. आजारी पडलेल्यांत सुटे, स्वस्त तेल घेणारी गरीब कुटुंबे होती. तेल कडकडीत तापवले तरी हे विष जात नाही.

आपल्याकडे मोहरीचे तेल कमी खाल्ले जाते, पण फोडणीची मोहरी घरोघरी असते. ती निवडूनच डब्यात भरावी. एकाच घरातल्या तीन-चार माणसांचे पाय एकदम सुजले, कातडी लाल झाली, दम लागू लागला, तर ते तेल ताबडतोब बंद करावे. पुढे हृदय निकामी होते, काचबिंदूही होतो. उतारा देणारे औषध नाही. म्हणून दवाखान्यात जाताना तेलाची बाटली बरोबर न्यावी आणि डॉक्टरांना दाखवावी.