संशोधन सॉफ्टवेअर

संशोधन सॉफ्टवेअर म्हणजे वैज्ञानिक संशोधन करताना किंवा संशोधनाच्या हेतूने तयार केलेली संगणकीय आज्ञावली होय. निरीक्षणांचे विश्लेषण करणारी काही ओळींची छोटी आज्ञावली, प्रयोगशाळेतील उपकरणांचे नियंत्रण करणारी प्रणाली आणि महासंगणकावर चालणारे हवामानाचे प्रारूप या सर्वांचा तीत समावेश होतो. अशा सॉफ्टवेअरची गुणवत्ता प्रामुख्याने तीन निकषांवर ठरते : उत्तराची अचूकता, वापरसुलभता आणि सुरक्षितता. हे तिन्ही निकष परस्परांशी निगडित असून त्यांपैकी एकाची उपेक्षा झाल्यास संशोधनाचा निष्कर्षच संशयास्पद ठरू शकतो.

स्वरूप

व्यावसायिक सॉफ्टवेअर तयार करताना अपेक्षित उत्तर बहुधा आधीच ठाऊक असते. बँकेच्या खात्यातील शिल्लक किती असावी, हे स्वतंत्रपणे पडताळता येते. संशोधनात मात्र उत्तर अज्ञात असते आणि ते शोधण्यासाठीच आज्ञावली लिहिली जाते. त्यामुळे चुकीचे उत्तर पाहताक्षणी ओळखू येतेच असे नाही. शिवाय अशा आज्ञावली लिहिणारे बहुसंख्य लोक भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र इत्यादी विषयांचे अभ्यासक असतात. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांपैकी अनेकांना मिळालेले नसते. तात्पुरत्या गरजेसाठी विद्यार्थ्याने लिहिलेली आज्ञावली तो संस्था सोडून गेल्यानंतरही अनेक वर्षे वापरात राहते.

अचूकता

२००६ मध्ये अमेरिकेतील एका संशोधनगटाला प्रथिनांच्या संरचनेवरील पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. विदेवर प्रक्रिया करणाऱ्या, प्रयोगशाळेतच वापरल्या जाणाऱ्या एका आज्ञावलीने दोन स्तंभांची अदलाबदल केली होती. त्यामुळे प्रथिनाची संरचना उलट, म्हणजे आरशातील प्रतिबिंबासारखी, मिळाली होती.

२०१९ मध्ये हवाई विद्यापीठातील संशोधकांनी रसायनशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या एका पायथन आज्ञावलीतील दोष उघड केला. फाइलींची यादी ठरावीक क्रमानेच मिळेल, असे ती आज्ञावली गृहीत धरत होती. हा क्रम प्रत्येक कार्यप्रणालीत सारखा नसतो. परिणामी तीच विदा आणि तीच आज्ञावली वापरूनही निरनिराळ्या संगणकांवर निरनिराळी उत्तरे येत होती. यादी क्रमवार लावण्याची एक सूचना समाविष्ट करताच हा दोष दूर झाला.

वापरसुलभता

वापरसुलभता म्हणजे केवळ आकर्षक दर्शनी रूप नव्हे. वापरकर्त्याला योग्य कृती सहज करता यावी, चूक झाल्यास ती लगेच लक्षात यावी आणि सॉफ्टवेअरने त्याच्या नकळत काहीही बदलू नये, असा तिचा व्यापक अर्थ आहे.

याचे प्रसिद्ध उदाहरण जनुकशास्त्रात आढळते. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे ‘सेप्ट २’, ‘मार्च १’ अशी होती. मायक्रोसॉफ्ट एक्सेलमध्ये ती लिहिली असता सॉफ्टवेअर त्यांना सप्टेंबर व मार्च महिन्यांतील तारखा समजून त्यांचे रूपांतर करीत असे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेल फाइलींच्या स्वरूपात जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेरीस २०२० मध्ये जनुकांचे नामकरण करणाऱ्या समितीने ही नावेच बदलली. हे स्वयंचलित रूपांतर बंद करण्याचा पर्याय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिला. थोडक्यात, सॉफ्टवेअर सुधारण्याआधी विज्ञानालाच आपली परिभाषा बदलावी लागली.

सुरक्षितता

संशोधनाची विदा बहुधा खुली असते, त्यामुळे तिला संरक्षणाची गरज नाही, असा एक समज आहे. परंतु रुग्णांच्या नोंदी, जनुकीय माहिती, सर्वेक्षणांतील वैयक्तिक उत्तरे किंवा दुर्मिळ प्राण्यांच्या वसतिस्थानांची माहिती गोपनीय ठेवणे आवश्यक असते. विदा पूर्णतः खुली असली तरी तिच्यात कोणी फेरफार केलेला नाही याची खात्री असावी लागते आणि संगणकयंत्रणा अखंड उपलब्ध राहावी लागते.

मे २०२० मध्ये युरोपातील अनेक महासंगणक केंद्रांत घुसखोरी झाल्याचे उघडकीस आले. वापरकर्त्यांची चोरलेली प्रवेशाधिकारपत्रे वापरून हल्लेखोर आत शिरले होते. ब्रिटनमधील ‘आर्चर’ हा महासंगणक त्यामुळे बंद ठेवावा लागला. ऑक्टोबर २०२२ मध्ये चिली येथील ‘अल्मा’ या रेडिओ वेधशाळेवर सायबर हल्ला झाला आणि तेथील निरीक्षणे कित्येक आठवडे थांबली.

दुसरा धोका परावलंबित्वातून उद्भवतो. आजची संशोधन आज्ञावली इतरांनी लिहिलेल्या अनेक मुक्तस्रोत ग्रंथालयांवर उभी असते. त्यांपैकी एकात दोष शिरल्यास तो सर्वत्र पसरतो. डिसेंबर २०२२ मध्ये पायटॉर्च या लोकप्रिय साधनाच्या प्रायोगिक आवृत्तीसोबत एका घटकाच्या नावाखाली घातक आज्ञावली वितरित झाली होती. पायथनमधील ‘पिकल’ या स्वरूपातील फाइल उघडताना तीत दडवलेल्या सूचना आपोआप अमलात येऊ शकतात. म्हणून अनोळखी स्रोताकडून आलेली अशी फाइल उघडणे धोक्याचे असते.

वापरसुलभता आणि सुरक्षितता यांचा संबंध

हे दोन गुण परस्परविरोधी मानले जातात. वस्तुतः गुप्तलेखनाची पद्धत वापरण्यास सोपी असावी, हे तत्त्व ऑगस्ट केरखॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनीही १९७५ मध्ये संगणकीय संरक्षणाची जी तत्त्वे सांगितली, त्यांत मानवी स्वभावाला रुचेल अशी रचना हे एक तत्त्व होते. सुरक्षित मार्ग क्लिष्ट असल्यास माणसे पळवाट शोधतात. एकच पासवर्ड सर्व प्रयोगशाळेत वापरला जातो, तो आज्ञावलीतच लिहून ठेवला जातो किंवा गोपनीय विदा खाजगी ईमेलने पाठवली जाते. म्हणून सुरक्षित मार्ग हाच सर्वांत सोपा मार्ग असावा, अशी रचना करणे इष्ट ठरते.

प्रचलित उपाय

• आवृत्ती नियंत्रण : २००५ मध्ये निर्माण झालेल्या ‘गिट’सारख्या साधनाने प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे.
• चाचण्या : उत्तर आधीच ठाऊक असलेल्या छोट्या उदाहरणांवर आज्ञावली वारंवार तपासणे.
• संहितापरीक्षण : आज्ञावली दुसऱ्या व्यक्तीने वाचून पाहणे.
• परावलंबनांची नोंद : वापरलेल्या ग्रंथालयांच्या नेमक्या आवृत्त्या लिहून ठेवणे व सुरक्षाविषयक सुधारणा वेळेवर स्वीकारणे.
• किमान अधिकार : प्रत्येक वापरकर्त्याला कामापुरतीच मुभा देणे.
• दस्तऐवजीकरण : स्थापनेची कृती, नमुना विदा आणि आज्ञावलीच्या मर्यादा स्पष्ट लिहिणे.

संस्थात्मक प्रयत्न

संशोधकांना संगणकीय कौशल्ये शिकवण्यासाठी १९९८ मध्ये ‘सॉफ्टवेअर कार्पेन्ट्री’ हा उपक्रम सुरू झाला. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि २०१२ पासून ‘संशोधन सॉफ्टवेअर अभियंता’ ही संज्ञा रूढ होऊ लागली. विदा शोधण्याजोगी, उपलब्ध, परस्परानुकूल आणि पुनर्वापरयोग्य असावी, ही २०१६ मध्ये मांडलेली ‘फेअर’ तत्त्वे २०२२ मध्ये संशोधन सॉफ्टवेअरसाठीही विस्तारण्यात आली.

महाराष्ट्रात पुणे हे या क्षेत्राचे महत्त्वाचे केंद्र आहे. प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) येथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. आयुका आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स यांच्या सहकार्यातून खगोलशास्त्रीय विदेचे आलेख काढणारे ‘व्हीओप्लॉट’ हे साधन विकसित झाले. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) निरीक्षणांपासून आकाशाच्या प्रतिमा तयार करण्यासाठीही खास आज्ञावली वापरल्या जातात.

आव्हाने

शोधनिबंधांच्या तुलनेत सॉफ्टवेअरच्या देखभालीला अल्प श्रेय मिळते. संशोधनासाठीचे अनुदान बहुधा ठरावीक मुदतीचे असते, तर देखभाल निरंतर करावी लागते. परिणामी अनेक महत्त्वाची साधने मोजक्या स्वयंसेवकांच्या श्रमांवर टिकून आहेत.